दिवाळीनंतरचा पट

जव्हार किंवा मोखाड्याच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांना मिळणारी मदत कशी चालली आहे हे बघायचं असेल, तर फाइल मागू नका. पहिल्या वर्षाचे दोन आकडे मागा: प्रवेश बंद झाले त्या दिवशीचा पट, आणि दिवाळीची सुट्टी संपून पंधरवडा उलटल्यावर वर्गात प्रत्यक्ष बसलेली मुलं. भात झोडून झालं, नाचणी-वरई घरात आली की इथली कुटुंबं कामाला बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या, रेतीची कामं, बांधकामं. परत येतात ती होळीला. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा घरात असला तर तो कमावता हात धरला जातो. मुलगी असली तर मागे राहिलेली म्हातारी, धाकटी भावंडं आणि शेळ्या-कोंबड्या तिच्या गळ्यात पडतात. दुसऱ्या आकड्यात जे नसतात, त्यांतल्या बहुतेकांनी ‘कॉलेज सोडतो’ असं कुणाला सांगितलेलं नसतं. आधी दोन आठवडे तास बुडतात, मग परीक्षेचा अर्ज राहतो, मग परत यायची लाज वाटते.

२०११च्या जनगणनेनुसार या दोन्ही तालुक्यांत दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. उच्च शिक्षणाच्या केंद्रीय पाहणीत २०२१-२२ साली देशाचं एकूण नोंदणी प्रमाण २८.४ होतं आणि अनुसूचित जमातींचं २१.२. पण हे प्रमाण नाव नोंदवलेल्यांचं आहे. नाव नोंदवून घेण्यात आपण बरीच मजल मारली. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय आहे, मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचं. जव्हार तालुक्यातल्या जामसरसारख्या गावच्या मुलीला पदवीसाठी ठाण्या-मुंबईला जावंच लागतं असं आता नाही. प्रश्न तिचं नाव पटावर चढल्यानंतरचा आहे, आणि तो प्राचार्यांच्या, प्राध्यापकांच्या आणि कार्यालयातल्या बाबूंच्या हातातला आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

कागदोपत्री मदतीचा तुटवडा कुठेच नाही. फलकावर समुपदेशन कक्ष असतो, तक्रार निवारण समिती असते, मेंटॉर-मेंटी योजना असते, रेमेडियल कोचिंग असतं. नॅकच्या मूल्यमापनातला पाचवा निकषच विद्यार्थी-साहाय्य आणि प्रगती हा आहे, त्यामुळे फोटोही असतात. या सगळ्यांत एक गृहीत धरलेलं असतं की ज्याला गरज आहे तो येऊन सांगेल. जामसरचा मुलगा येऊन सांगत नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला तोच पहिला. कित्येक जण आश्रमशाळेतून आलेले असतात. तिथे उठणं, जेवण, अभ्यास, झोप सगळं घंटेवर चालतं. बारावीपर्यंत कुणीतरी हाक मारत आलेलं असतं आणि कॉलेजात एकदम कुणीच हाक मारत नाही. त्याला वाटतं, आता आपलं आपण बघायचं असतं आणि ते न जमणं ही आपलीच कमतरता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मदत कक्षात ठेवू नका. विद्यार्थी जिथे असणारच आहे तिथे ती नेऊन ठेवा. प्रवेशाच्या रांगेत, अवघड विषयाच्या तासाला लागून, शेवटची एसटी सुटायच्या आत. याच जिल्ह्यात हे आधी झालेलं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते काम कोसबाडला गेलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणावर नेली. तिचं नाव कुरणशाळा. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तेच करायचं आहे. कुरणाच्या जागी एसटी स्टँड आहे एवढंच.

आधी कागद

जून-जुलै हा इथे आवणीचा काळ. चिखलात उभं असलेलं घर अर्धा दिवस सोडून दाखल्यांसाठी तालुक्याला येतं, एक कागद कमी निघतो आणि परत पाठवलं जातं. दुसऱ्यांदा येणं म्हणजे पुन्हा एक दिवसाची मजुरी. तेव्हा प्रवेशाच्या दिवशीच एक वेगळं टेबल मांडा. त्यावर कार्यालयातला एक अधिकार असलेला माणूस आणि गेल्या वर्षी याच चक्रातून गेलेला एक विद्यार्थी बसवा. ‘हे आणा, ते आणा’ असं तोंडी सांगू नका. काय मिळालं, काय राहिलं आणि ते कुठल्या कार्यालयात मिळेल, हे चिठ्ठीवर लिहून द्या. प्रवेशाची एक खेप याने वाचते.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत तीन गोष्टी त्या टेबलावरच बघून घ्याव्यात.

पहिली, नाव. आधारवर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, बँकेत तिसरं. वडिलांच्या नावातला एक काना महाडीबीटीवरचा अर्ज अडकवतो. हे जूनमध्ये कळलं तर दुरुस्ती होते, जानेवारीत कळलं तर वर्ष जातं.

दुसरी, खातं. यात सर्वांत जास्त पैसे अडकतात आणि सर्वांत कमी समजावून सांगितलं जातं. शिष्यवृत्तीची रक्कम विद्यार्थ्याने अर्जात दाखवलेल्या पासबुकात जातेच असं नाही. आधारशी जे खातं शेवटी जोडलं गेलं असेल त्यात जाते. मधल्या काळात मुलाने भट्टीजवळच्या मोबाइलच्या दुकानात अंगठा लावून एखाद्या पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं आणि तो ते विसरूनही गेलेला असतो. पैसे तिथे पडतात. इकडे जव्हारच्या बँकेत पासबुक भरून घेतोय आणि त्यात काहीच नाही, म्हणून तो धरून चालतो की शिष्यवृत्ती आली नाही. आधारला कुठली बँक जोडलेली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. टेबलावरच्या विद्यार्थ्याने ते तिथल्या तिथे बघून चिठ्ठीवर लिहावं.

तिसरी, मोबाइल क्रमांक. ओटीपी जातो बापाच्या फोनवर, बाप भिवंडीला, आणि सिम एव्हाना बदललेलं. आधारला मुलीचा किंवा मुलाचा स्वतःचा क्रमांक जोडलेला हवा. त्यासाठी आधार केंद्रवाल्याला एक दिवस महाविद्यालयातच बोलवा.

आणि शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क भरून घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. ‘आत्ता भरा, नंतर परत मिळतील’ हे वाक्य ऐकून माघारी गेलेली मुलं पटावर कधी येतच नाहीत, त्यामुळे ती गळतीतही मोजली जात नाहीत.

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ती २०१६-१७पासून सुरू झाली. मूळ दरांप्रमाणे मुंबई-ठाणे-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये थेट खात्यात. पुढे तालुक्याच्या ठिकाणांसाठी ३८ हजारांचा टप्पा आला. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे दर आणि अटी जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून तपासून घ्याव्यात. ज्या गावात महाविद्यालय आहे त्याच गावचा रहिवासी विद्यार्थी यात बसत नाही, जामसरहून जव्हारला खोली घेऊन राहणारा बसू शकतो. हे कित्येकांना माहीतच नसतं, कारण योजनेची चर्चा पुण्या-मुंबईच्या संदर्भातच होते.

जात वैधता प्रमाणपत्राचं ओझं बारावी सायन्सच्या मुलांवर ऐन प्रवेशात कोसळतं, पण कला-वाणिज्यवाल्यांनाही नोकरीच्या वेळी ते लागतंच. समिती ६ सप्टेंबर १९५०पूर्वीचा पुरावा बघते. आजोबा शाळेतच गेले नव्हते, मग दाखला कुठला? अशा वेळी तलाठ्याकडचा जुना फेरफार, गाव नमुना १४ म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत कामी येते. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात वंशावळ तयार करण्याचा एक तास घ्या. मराठी किंवा इतिहास विभागाने घेतला तर प्रकल्पही होईल आणि कामही.

विषय अवघड असतो, मुलगा कच्चा नसतो

आता अभ्यासाकडे येऊ. इथे थोडा वेळ थांबायला हवं.

आपल्याकडे पहिल्या चाचणीनंतर ‘स्लो लर्नर’ची यादी निघते आणि त्यांना जादा तास लावला जातो. यादीत नाव आलेला मुलगा त्या तासाला येत नाही, येऊ नयेच असं त्याला वाटतं. शिकवणारेही तोच धडा तसाच, जरा मोठ्या आवाजात शिकवतात.

अमेरिकेतल्या बर्कली इथे १९७०च्या दशकात यूरी ट्राइझमन नावाच्या गणितज्ञाने एक गोष्ट तपासली. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी इतके का नापास होतात? प्राध्यापकांची उत्तरं आपल्या स्टाफरूममधल्यासारखीच होती: इच्छा नाही, पाया कच्चा, घरचं लक्ष नाही, गरिबी. ट्राइझमन त्या मुलांच्या खोल्यांवर जाऊन बसला तेव्हा यातलं एकही कारण टिकलं नाही. मुलं खूप अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून गणितं सोडवत, एकमेकांच्या चुका काढत, आणि परीक्षेत काय येतं, कुठले सर कसे तपासतात हेही त्याच बैठकीत कळत असे. त्याने मग जे गट सुरू केले ते मुद्दामच ‘कच्च्यांसाठी’ ठेवले नाहीत. त्यात नेहमीच्यापेक्षा अवघड गणितं दिली जात. निकाल बदलला. त्याच सुमारास, १९७३ साली, मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी केंद्रात डीॲना मार्टिन यांनी ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ नावाची पद्धत घडवली. तिचा गाभा असा की नापास होण्याचा धोका असलेले विद्यार्थी शोधायचेच नाहीत. ज्यात जास्त जण नापास होतात ते विषय शोधायचे आणि त्या विषयाच्या सगळ्या वर्गासाठी बैठक लावायची. पहिला येणाराही त्यात, केटीवालाही त्यात. मग कुणाला लाजायचं कारण उरत नाही.

हे जव्हारला करायला वेगळी इमारत लागत नाही. गेल्या तीन वर्षांचे निकाल काढा आणि पहिल्या वर्षात सर्वांत जास्त केटी लागलेले दोन विषय निवडा. दोनच. बहुधा इंग्रजी आणि अकाउंटन्सी, किंवा रसायनशास्त्र निघेल. ज्या मुलीने तो विषय गेल्या वर्षी नीट सोडवला तिला गटप्रमुख करा. पहिली येणारीच हवी असं नाही. अडखळून मग जमलेली असेल तर बरी, कारण कुठे अडतं हे तिला आठवतं. तिने तो तास यंदा पुन्हा बसून ऐकायचा आणि आठवड्यातून दोनदा त्याच वर्गात, त्या तासाला लागूनच बैठक घ्यायची.

बैठकीत तिने शिकवायचं नाही. खडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा. समजा उदाहरण आहे: जामसरच्या किराणा दुकानदाराने जव्हारच्या व्यापाऱ्याकडून पाच हजारांचा माल उधारीवर आणला, दुकानदाराच्या वहीत नोंद करा. फळ्यावर येणारा मुलगा हमखास लिहितो, खरेदी खाते नावे, रोख खाते जमा. गटप्रमुख ‘चूक’ म्हणत नाही. ती विचारते, गल्ल्यातून पैसे गेले का? मागून कुणीतरी म्हणतं, नाही गेले, उधारी आहे. मग देणं कुणाचं झालं? व्यापाऱ्याचं. म्हणजे जमा कुणाचं खातं? तो मुलगा स्वतःच रोख पुसून व्यापाऱ्याचं नाव लिहितो. मग उलटा प्रश्न: हाच व्यवहार व्यापाऱ्याच्या वहीत कसा दिसेल? दहा मिनिटं यावर जातात आणि ती जाऊ द्यायची. शेवटची पाच मिनिटं मागच्या प्रश्नपत्रिकेतला यावरचा प्रश्न वाचण्यात. सरांनी या बैठकीला बसू नये. महिन्यातून एकदा गटप्रमुखांना भेटून ‘कुठे अडतंय’ एवढं विचारावं. त्या उत्तरातून सरांचा पुढचा तास सुधारतो.

गटप्रमुखाला मानधन द्या, फुकट राबवू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यापासून महाराष्ट्राला ‘कमवा आणि शिका’ ठाऊक आहे, पण बऱ्याच ठिकाणी त्यात झाडांना पाणी घालणं आणि ग्रंथालयातली धूळ झटकणं एवढीच कामं दिली जातात. सहाध्यायांना अभ्यासाला बसवणं हे त्याहून कमी श्रमाचं काम नाही. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाकडे तसा प्रस्ताव पाठवा, आणि तोवर महाविद्यालय विकास समितीत ठराव करून खर्चाची तरतूद करा. ही समिती २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानेच दिलेली आहे आणि तिच्यात विद्यार्थ्यांचाही प्रतिनिधी असतो.

भाषेचं म्हणाल तर घरी वारली किंवा कोकणा, शाळेत मराठी, पुस्तकात इंग्रजी असा तीन पायऱ्यांचा जिना या मुलांना रोज चढायचा असतो. गटात त्यांना हवी ती भाषा बोलू द्या. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हे प्रत्येक विषयासाठी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहून सांगा. माध्यम इंग्रजी असलं तरी स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३मध्ये विद्यापीठांना कळवलेलं आहे. पण तांत्रिक शब्द इंग्रजीतले आहेत तसेच राहू द्या. त्यांचे जडजंबाल मराठी प्रतिशब्द पाठ करायला लावणं हा मुलांवर दुहेरी जाच आहे.

गाडी आणि भट्टी

वेळापत्रक करणाऱ्याने एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवून बसावं. अकराला पहिला तास असेल आणि गाडी साडेअकराला येत असेल, तर ती मुलगी रोज उशिरा येणारी म्हणून ओळखली जाते आणि ७५ टक्के हजेरीच्या यादीत अडकते. गावावरून येणाऱ्या मुलांच्या गाड्यांचा तक्ता जुलैतच करा. महत्त्वाचा विषय पहिल्या आणि शेवटच्या तासाला ठेवू नका. गाडी सातत्याने चुकत असेल तर विद्यार्थ्यांच्या सह्यांचं निवेदन प्राचार्यांच्या पत्रासह जव्हार आगारात द्या. नुसत्या मुलांच्या निवेदनापेक्षा ते लवकर हलतं.

भट्टीवर जाणाऱ्यांसाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मेंटॉरने एकच प्रश्न विचारावा: दिवाळीनंतर घरचे कुठे जाणार आहेत आणि तू कुठे असशील? उत्तर वहीत लिहून ठेवावं, सोबत एक असा फोन नंबर जो बदलणार नाही. गावातला दुकानदार, आशाताई, मुकादम, कुणीही. सुट्टीनंतर जो आठवडाभर दिसला नाही त्याला दहाव्या दिवशी फोन जायला हवा. फोन वर्गातल्या मित्राने केला तर उत्तम. ‘का आला नाहीस’ असं विचारू नये. ‘परीक्षेचा फॉर्म अमुक तारखेपर्यंत आहे, मी भरून ठेवू का’ असं विचारावं. जाब विचारला की मुलगा फोन उचलणं बंद करतो.

आणि खरोखरच जो येऊ शकणार नाही, त्याला दाखला हातात देऊन मोकळं होऊ नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडता येतं आणि मिळवलेली क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. मात्र ‘केव्हाही सोडता येतं’ ही मुभा अशा तालुक्यांत सोडून जाण्याची पायवाट ठरण्याचा धोका मला जास्त वाटतो. तेव्हा बाहेर पडणाऱ्याला परत यायचं कसं हे कागदावर लिहून द्यावं: कुठल्या महिन्यात, कुणाला भेटायचं, कुठलं खातं, कुठला क्रमांक. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. जवळचं अभ्यासकेंद्र कुठे आहे हेही त्याच कागदावर असावं.

तक्रारीबद्दल थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, समितीत किमान एक स्त्री आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातलं किमान एक जण असावं लागतं, आणि त्यावर दाद मागायला विद्यापीठाचे लोकपाल असतात. समितीतल्या कुणा एकाची बसण्याची जागा आणि वार फलकावर लिहा, नुसती नावं नकोत. रात्री मन फार खचलं तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापावा. फलक रात्री कुणाला दिसत नाही.

एक काम मात्र एकट्या महाविद्यालयाच्या आवाक्यातलं नाही. होळी हा इथला वर्षातला सर्वांत मोठा सण. भट्टीवरची माणसं त्यासाठी परत येतात, गावोगाव तारपा वाजतो, त्याच सुमारास बोहाडे म्हणजे मुखवट्यांचे उत्सव सुरू होतात. दुसऱ्या सत्राची प्रात्यक्षिकं, अंतर्गत चाचण्या आणि केटीच्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत येतात. अंतर्गत चाचण्यांच्या तारखा महाविद्यालयाला स्वतः हलवता येतात, त्या हलवाव्यात. विद्यापीठाच्या परीक्षांसाठी जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी इथल्या महाविद्यालयांनी मिळून एकच पत्र परीक्षा विभागाला पाठवावं, सोबत आपापल्या केंद्रांवरच्या मागच्या दोन वर्षांच्या गैरहजेरीचे विषयवार आणि तारीखवार आकडे जोडावेत. पत्र सप्टेंबरमध्येच जायला हवं, कारण उन्हाळी परीक्षांचं वेळापत्रक ठरायला लागलं की तारखा सुट्या-सुट्या हलवता येत नाहीत.